मज्जारज्जूतला शेजार

"आंब्याला कलम बांधतात ना, तशी नवी नस बांधून देतात का हो, त्या स्टेम सेलनं?" न्यूरॉलॉजीच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर बसलेल्या एका बाईंनी विचारलं. बोलणं कोकणातलं. शेजारी नवरा. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जिथं मांसल उंचवटा असायचा तिथं खळगा पडलेला. शर्टाचं वरचं बटण उघडं, कारण ते लावता येईनासं झालं होतं. दंडावरची कातडी आतून कुणी टिचकी मारावी तशी मधूनच उडत होती. मांडीवरच्या फाइलीवर एएलएस ही तीन अक्षरं, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जाण्याचा आजार. "तसं नसतं हो मावशी," एवढं उत्तर आलं आणि पुढचा नंबर पुकारला गेला. उत्तर खोटं नव्हतं. पण ज्या बाईनं आयुष्यभर कलमं बांधली, जगवली, मेलेली उपटून टाकली, तिच्या प्रश्नाला एवढ्यावरच वाटेला लावावं हे खटकलं ते खटकलंच. कारण तिची उपमा जिथं तुटते, नेमकं तिथंच या आजाराचं सगळं दुखणं आहे.

कलम साधतं कशामुळं? खुंट आणि काडी, दोन्हींच्या सालीखालचा ओला थर एकमेकांना भिडतो, वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळली की काही आठवड्यांत रस वाहू लागतो. दोन जिवंत टोकं आणि मधलं अंतर जवळजवळ शून्य. मोटर न्यूरॉनचं, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या त्या चेतापेशीचं, तसं नाही. पावलाची बोटं हलवणारी पेशी मज्जारज्जूच्या खालच्या टोकाशी, कंबरेच्या जरा वर बसलेली असते. तिचं शरीर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढंही भरत नाही, आणि तिथून निघालेला तंतू मांडी, गुडघ्यामागची खोबण, पोटरी असं करत जवळजवळ एक मीटर खाली जातो. एवढ्या लांबीला लागणारा बहुतेक माल त्या इवल्याशा शरीरातच तयार होतो. वेगवान मालवाहतूक दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर चालते, म्हणजे पावलापर्यंत पोचायला अडीच ते पाच दिवस. तंतूचा सांगाडा ज्या प्रथिनांचा, ती तर दिवसाला मिलिमीटर-दोन मिलिमीटरनं सरकतात. आता समजा, मज्जारज्जूत नवी पेशी नेऊन ठेवली, ती जगली, तिनं बरोबर वाट पकडली. तुटलेली नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर. म्हणजे हजार दिवस, पावणेतीन वर्षं. नस गेलेला स्नायू मात्र वर्ष-दीड वर्षच वाट पाहतो, मग तो आक्रसतो आणि त्याच्या जागी चरबी भरते. आणि लक्षणं सुरू झाल्यापासून बहुतेक रुग्णांच्या हाती दोन ते पाच वर्षं असतात. हा हिशेब बाकावर बसून दोन मिनिटांत सांगता आला असता. कलमं बांधणाऱ्या माणसाला तो लगेच कळला असता.

मग स्टेम सेल, म्हणजे ज्यांतून वेगवेगळ्या पेशी घडू शकतात त्या मूळपेशी, हव्यात कशाला?

याचं उत्तर मोटर न्यूरॉनमध्ये सापडलं नाही, त्याच्या शेजारात सापडलं. १९९३ मध्ये एएलएसच्या काही घराण्यांमध्ये एसओडी१ या जनुकात बिघाड मिळाला आणि पुढच्याच वर्षी तो बिघाड घातलेला उंदीर तयार झाला. त्याचे पाय काही महिन्यांत लुळे पडायचे. सगळ्यांचं लक्ष साहजिकच मरणाऱ्या पेशीवर होतं. २००३ मध्ये सॅन दिएगोच्या डॉन क्लीव्हलंड यांच्या गटानं मिश्र उंदीर केले, ज्यांच्या अंगात काही पेशी बिघडलेल्या आणि काही निरोगी. तिथं दिसलं ते चक्रावून टाकणारं होतं. बिघडलेला मोटर न्यूरॉन निरोगी पेशींच्या घोळक्यात असेल तर जास्त टिकायचा, आणि निरोगी न्यूरॉन बिघडलेल्यांच्या वस्तीत सापडला तर त्याच्यावर आजाराच्या खुणा उमटायच्या. चार वर्षांनी, २००७ मध्ये, कोलंबिया आणि हार्वर्ड इथल्या दोन गटांनी एकाच वेळी तोच प्रश्न डिशमध्ये मांडला. खाली ॲस्ट्रोसाइटची, म्हणजे न्यूरॉनच्या शेजारच्या मदतनीस पेशींची, गादी, वर निरोगी मोटर न्यूरॉन. गादी निरोगी असली की न्यूरॉन तग धरायचे. गादी एसओडी१च्या उंदराची असली की दोन आठवड्यांत त्यांची संख्या ठळकपणे घसरायची. कोलंबियाच्या गटानं ॲस्ट्रोसाइटऐवजी त्याच उंदराच्या इतर पेशी, उदाहरणार्थ फायब्रोब्लास्ट या जोडऊतीतल्या पेशी, वापरून पाहिल्या, तर काही बिघडलं नाही. आणि बिघडलेल्या ॲस्ट्रोसाइटवरून काढलेला नुसता मीडिया, म्हणजे पेशी वाढवायचा पोषक द्रव, ज्यात एकही पेशी नाही, तोही न्यूरॉन मारायला पुरेसा होता. २०११ मध्ये रुग्णांच्या शवविच्छेदनातून मिळवलेल्या ॲस्ट्रोसाइटनंही हेच केलं. त्यात घराण्यात आजार नसलेले रुग्णही होते, आणि दहातले नऊ रुग्ण तसेच असतात.

ॲस्ट्रोसाइटला मराठीत ताराकृती पेशी म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण तिचं काम त्यातून कळत नाही. न्यूरॉन एकमेकांना चेतवणारा निरोप देतात तो बहुधा ग्लुटामेट या रसायनाच्या भाषेत. निरोप पोचला की उरलेलं ग्लुटामेट लगेच उचलावं लागतं, नाहीतर न्यूरॉन सतत चेतत राहतो, आत कॅल्शियम भरतं आणि तो मरतो. ते उचलण्याचं काम ताराकृती पेशी करते. त्यासाठी तिच्या अंगावर जे वाहक प्रथिन असतं, ते एएलएसच्या रुग्णांच्या मज्जारज्जूत कमी झालेलं १९९५ मध्येच दिसलं होतं. मोटर न्यूरॉनकडे कॅल्शियम धरून ठेवणारी प्रथिनं मुळातच थोडी, म्हणून हा मार त्यालाच अधिक बसतो. शिवाय इंधन पुरवणं, वाढीची प्रथिनं सोडणं, पोटॅशियम आवरणं ही घरकामंही तिचीच. हे सगळं थांबलं तरी एक वेळ चालेल, पण आजारात ती उलट विष सोडू लागते. मात्र शेजार सुधारला म्हणजे आजार गेला, असंही नाही. २००६ च्या प्रयोगांत दिसलं की आजाराची सुरुवात मुख्यतः न्यूरॉनमधल्या बिघाडावर ठरते आणि तो पुढं किती वेगानं पसरतो हे शेजारच्या पेशींवर. आग घरातच लागते. शेजारी ती विझवायला धावतो की रॉकेल ओततो, एवढाच प्रश्न असतो. म्हणजे नव्या ताराकृती पेशी फार तर वेळ मिळवून देतील. या आजारात वेळ ही थोडी गोष्ट नाही.

या पेशी तयार होतात कशा, ते जवळून पाहण्यासारखं आहे. रुग्णाच्या कातडीतून किंवा रक्तातून पेशी घेऊन त्यांना मागं, गर्भावस्थेसारख्या स्थितीत नेतात; एएलएसच्या रुग्णाबाबत हे पहिल्यांदा २००८ मध्ये झालं, आणि ती रुग्ण ८२ वर्षांची बाई होती. पुढचा प्रवास म्हणजे गर्भात जे घडतं त्याची डिशमधली उजळणी. मॅट्रिजेल या प्रथिनांच्या जेलचा पातळ थर दिलेल्या प्लेटवर वसाहती ७०-८० टक्के भरल्या की सुरुवात करायची. एसबी-४३१५४२ आणि एलडीएन-१९३१८९ ही दोन रोधक रसायनं दिली की पेशी कातडीचा, आतड्याचा रस्ता सोडून मज्जासंस्थेच्या वाटेला लागतात. मग जीवनसत्त्व अ पासून बनणारं रेटिनोइक आम्ल. ते सांगतं, 'तू मेंदूची नाहीस, खालची, मज्जारज्जूची.' मग सोनिक हेजहॉग या गर्भातल्या संकेताचा मार्ग जागा करणारं रसायन. ते सांगतं, 'पाठीकडे जाऊ नकोस, पोटाकडच्या बाजूला राहा.' या दोन खुणांनी मोटर न्यूरॉन बनतात हे २००२ मध्ये उंदराच्या पेशींवर सिद्ध झालं, आणि आजही सगळ्या पाककृतींचा पाया तोच आहे. दोन-तीन आठवड्यांत एचबी९ आणि आयलेट-१ या मोटर न्यूरॉनच्या खुणा रंगवल्या की केंद्रकं उजळतात. बिघडतं ते साध्या गोष्टींनी. मीडिया सगळा एकदम बदलला की न्यूरॉनची जाळी कडेपासून सुटते आणि ओल्या कागदासारखी गुंडाळी होऊन तरंगते. चार आठवड्यांची मेहनत पिपेटच्या एका झटक्यात जाते. म्हणून नेहमी अर्धाच बदलायचा, ३७ अंशांपर्यंत कोमट करून, प्लेटमधल्या खळग्याच्या, म्हणजे विहिरीच्या, भिंतीवरून, थेंब थेंब. पेशींना धरून ठेवणाऱ्या लॅमिनिनचा थर लावताना मधेच सुकला तर पेशी गोळे करून बसतात. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचा संसर्ग तर मीडिया गढूळही करत नाही, नुसते आकडे हळूहळू खोटे होतात, म्हणून त्याची चाचणी ठरल्या दिवशी न चुकता करायचीच.

ताराकृती पेशींना याहून पुष्कळ वेळ लागतो. गर्भात आधी न्यूरॉन बनतात आणि मग ग्लिया, म्हणजे ताराकृती पेशींसारख्या मदतनीस पेशी. डिशमध्येही पेशी तोच क्रम धरून बसतात. तीन महिने, कधी त्याहून जास्त. घाई म्हणून सीरम, म्हणजे रक्तातला पेशीविरहित द्रव, ओतलं तर पेशी लवकर पसरतात, चपट्या आणि मोठ्या दिसतात, पण त्या चवताळलेल्या असतात. अशा वेळी निरोगी माणसाच्या ताराकृती पेशीही वाईट वागतात, आणि ज्या निरोगी विहिरीशी तुलना करायची तीच नासते. मोजणाऱ्याला कुठली विहीर कुणाची हे ठाऊक असता कामा नये, हाही नियम इथं फार महत्त्वाचा आहे. उरलेले न्यूरॉन मोजताना अर्धवट सुकलेला तंतू जिवंत धरायचा की मेलेला, हे डोळा मनाच्या ओढीनं ठरवतो.

नुसता चांगला शेजारी आणण्यापेक्षा त्याच्या हाती शिदोरी का देऊ नये, हा पुढचा विचार. जीडीएनएफ नावाचं प्रथिन १९९३ मध्ये सापडलं आणि वर्षभरात कळलं की ते मोटर न्यूरॉनला जगवण्यात अत्यंत प्रभावी आहे. पण अशी प्रथिनं इंजेक्शननं देऊन भागत नाही. सीएनटीएफ आणि बीडीएनएफ ही त्यांच्यासारखीच दोन प्रथिनं नव्वदच्या दशकात रुग्णांना कातडीखाली टोचली गेली आणि दोन्ही चाचण्या फसल्या. रक्तातून मज्जारज्जूत शिरायची वाटच त्यांना मिळत नाही आणि रक्तात ती फार वेळ टिकतही नाहीत. म्हणून मज्जासंस्थेच्या पूर्वज पेशींमध्ये विषाणूच्या साहाय्यानं जीडीएनएफचं जनुक घालायचं आणि त्या पेशी थेट मज्जारज्जूत सोडायच्या. तिथं त्या ताराकृती पेशी होतात आणि जागच्या जागी प्रथिन सोडत राहतात. संशोधक क्लाइव्ह स्वेन्डसेन यांच्या गटानं २००७ मध्ये एसओडी१च्या घुशींवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांवर, हे केलं. ज्या बाजूला पेशी सोडल्या, त्या बाजूच्या मज्जारज्जूत मोटर न्यूरॉन रांगेनं उभे. दुसऱ्या बाजूला मोकळं मैदान.

आणि पाय मात्र दोन्ही सारखेच लुळे.

या प्रयोगापाशी थांबावंसं वाटतं. न्यूरॉनचं शरीर वाचलं होतं, पण त्याचा तंतू स्नायूपासून सुटलेला होता. एएलएसमध्ये तंतू आधी टोकाकडून मरत येतो. स्नायूला जिथं तो चिकटतो ती जोडणी सर्वांत आधी सुटते आणि पेशीचं शरीर सर्वांत शेवटी जातं. बुंध्यापाशी कितीही पाणी घाला, शेंड्यापर्यंत पोचलं नाही तर पालवी येणार नाही. पुढच्या वर्षी त्याच गटानं जीडीएनएफ सोडणाऱ्या अस्थिमज्जेच्या पेशी थेट स्नायूत टोचल्या, तेव्हा जोडण्या जास्त टिकल्या आणि घुशी काही दिवस जास्त जगल्या. दोन्ही टोकं सांभाळावी लागतील, हा या दोन निबंधांचा अर्थ. माणसांवरच्या बहुतेक चाचण्या अजूनही एकाच टोकाला आहेत, आणि मला ही या क्षेत्राची सर्वांत मोठी उणीव वाटते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये २००८ मध्ये वेगळी जागा निवडली गेली: मान. तिसऱ्या ते पाचव्या मानेच्या पातळीवरचे मोटर न्यूरॉन श्वासपटल हलवतात, आणि एएलएसचा रुग्ण बहुधा श्वासानंच जातो. तिथं ताराकृती पेशींचे पूर्वज सोडलेल्या घुशी जास्त जगल्या. विचार अचूक होता. पण मानेतल्या सुईची चूक परवडत नाही, म्हणून माणसांत सुरुवात कंबरेपासून झाली.

त्या शस्त्रक्रियेचं वर्णन वाचतानाही बोटं आवळली जातात. रुग्ण पालथा, पूर्ण भूल. मणक्याची मागची कमान काढायची, आवरण उघडायचं, सूक्ष्मदर्शकाखाली मज्जारज्जू पांढुरका, चमकदार, आणि प्रत्येक श्वासाबरोबर, प्रत्येक ठोक्याबरोबर हलणारा. सुई ताठ धरली तर मज्जारज्जूच स्वतःला तिच्यावर चिरून घेईल. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात सुरू झालेल्या चाचणीत म्हणून तरंगती सुई वापरली गेली: मणक्यालाच जखडलेली चौकट, आणि आत शिरल्यावर मज्जारज्जूबरोबर हलू शकणारी लवचिक नळी. एका टोचणीत १० मायक्रोलीटर, म्हणजे साध्या थेंबाचा जेमतेम पाचवा हिस्सा. तोही सावकाश, आणि संपल्यावर सुई तशीच थोडा वेळ थांबवायची. लगेच ओढली तर पेशी तिच्याच वाटेनं वर येतात. सिरिंजमध्ये पेशी काही मिनिटांत तळाला बसतात. हलक्या हातानं ढवळल्या नाहीत तर पहिल्या टोचणीत नुसतं पाणी आणि शेवटच्या टोचणीत गाळ. दुसऱ्याच्या पेशी असल्यानं टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, आणि ज्याची फुप्फुसं आधीच थकली आहेत त्याच्यासाठी हे ओझं लहान नाही.

स्वेन्डसेन यांचं काम पुढं लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय इथं माणसांपर्यंत गेलं. १८ रुग्ण, आणि पेशी कंबरेच्या मज्जारज्जूच्या एकाच बाजूला. म्हणजे प्रत्येक रुग्णाचा एक पाय उपचाराचा आणि दुसरा तुलनेचा. २०२२ मध्ये निकाल आले. वर्षभरात उपचारामुळं पायाची ताकद घटली नाही, सुरक्षिततेची कसोटी पार झाली. आजाराची वाटचाल थांबली नव्हती. पुढं वारलेल्या १३ रुग्णांचे मज्जारज्जू तपासले तेव्हा पेशी जिवंत होत्या आणि जीडीएनएफ सोडत होत्या. पेशी सोडल्यानंतर तब्बल ४२ महिन्यांपर्यंत. टोचलेल्या जागांजवळ नसांच्या निरुपद्रवी गाठीही अनेकांत आढळल्या. हा निकाल यश म्हणायचा की अपयश? घर पडलं, पण शेजारी साडेतीन वर्षं दिवा लावून बसला होता. त्या १८ जणांनी, स्वतःला फायदा होईलच असं कुणी सांगितलेलं नसताना, पाठ उघडून दिली म्हणून एवढं तरी कळलं. त्यांच्याविषयी लिहिताना हात जोडावेसे वाटतात.

आपल्याकडे 'स्टेम सेल' म्हटलं की बहुधा वेगळीच गोष्ट समोर येते: कंबरेच्या हाडातून मज्जा काढायची, त्यातल्या पेशी वेगळ्या करून पाठीच्या पाण्यात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, सोडायच्या. या पेशींचं मोटर न्यूरॉनमध्ये रूपांतर होत नाही. त्या काही प्रथिनं सोडतात, दाह कमी करतात. पण पाठीचं पाणी सगळं मिळून साधारण १५० मिलिलीटर आणि दिवसाला बनतं ५०० च्या घरात, म्हणजे दिवसातून तीनेक वेळा ते बदलतं. वाहत्या ओढ्यात खत टाकून झाडाला किती लागणार? या मार्गाची एक मोठी कसोटी नुरऑन नावाच्या पेशी-उपचाराच्या चाचणीत झाली. रुग्णाच्याच पेशी, प्रथिनं जास्त सोडतील अशा तयार करून, तीन वेळा पाठीच्या पाण्यात. १९६ रुग्ण. ठरवलेल्या मापानं सुधारणा दिसली ती पेशी मिळालेल्यांत ३३ टक्क्यांना आणि नुसतं बनावट इंजेक्शन मिळालेल्यांत २८ टक्क्यांना. एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो, म्हणून तो गणिताच्या कसोटीवर टिकला नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीनं विरोधात कौल दिला आणि कंपनीनं अर्ज मागं घेतला. यातला २८ हा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. एएलएसची उतरण सरळ रेषेत नसते. १२ प्रश्न आणि ४८ गुणांच्या ज्या पट्टीवर ती मोजतात, तिथं काही महिने गुण स्थिर राहतात, घसरणीचा वेग आपोआप कमी होतो. या पेशी मिळालेल्या नसतानाही शंभरातल्या २८ जणांना 'फरक पडला' असं दिसतं. मग ज्यांनी जमीन विकून इंजेक्शन घेतलं, त्यांतल्या कुणी कॅमेऱ्यासमोर "फरक पडला" म्हटलं तर तो खोटं बोलत नसतो. पण तो पुरावा होत नाही.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे: रक्ताच्या आजारांसाठीचं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं संशोधन, आणि ते मंजूर चाचणीतच. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. तेव्हा कुणी स्टेम सेलचं नाव काढलं तर विचारायचं ते असं: पेशी कुणाच्या आणि कुठल्या, सोडणार कुठं, किती, चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक काय, आणि पैसे कोण भरणार. पावती तुमच्या नावानं लाखांची निघत असेल तर ती चाचणी नव्हे.

बाकावरच्या बाईंना काय सांगायचं होतं, ते आता सांगता येतं. मावशी, कलम नाही जमत, कारण काडी आणि खुंटात मीटरभर अंतर आहे आणि झाडाला तेवढा वेळ नाही. जमवायचा प्रयत्न चाललाय तो आळं करण्याचा, मुळाशी ओल धरण्याचा, आणि ती ओल शेंड्यापर्यंत न्यायची कशी ते अजून साधलेलं नाही. ते साधेपर्यंत श्वासाची फुंकचाचणी दर तीन महिन्यांनी करून घ्या. रात्री श्वास उथळ व्हायला लागला, सकाळी डोकं जड वाटायला लागलं, तर श्वासाला हातभार लावणाऱ्या बायपॅप मशीनला उशीर करू नका. ज्यांचा घसा फारसा गेलेला नाही त्यांना त्या मशीननं मिळालेले महिने आजवरच्या कुठल्याही पेशीनं दिलेल्यापेक्षा जास्त आहेत. पोटात नळी घालायची वेळ आली तर श्वासाची ताकद निम्म्यावर यायच्या आधी घाला. रिलुझोल या एएलएसवरच्या औषधाच्या गोळ्या चुकवू नका. आणि शर्टाची बटणं काढून काजांवर वरून शिवून टाका, आत वेल्क्रोची पट्टी लावा. बाहेरून शर्ट पहिल्यासारखाच दिसतो, आणि ज्याला घालायचा तो स्वतः घालू शकतो.